उड्या मारू द्यायच्या का? आयबीडी असलेल्या मुलांची हाडं आणि व्यायाम

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा १५ वर्षांचा, दीड वर्षापूर्वी क्रोन्सचं (आयबीडी म्हणजे आतड्याच्या दीर्घकाळ चालणाऱ्या दाहाच्या आजारांपैकी एक) निदान झालं. सुरुवातीला तीन महिने प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड, मग दाह रोखणारं इन्फ्लिक्सिमॅब. आता बरेच महिने पोट शांत आहे, वजन वाढतंय, शाळा नियमित सुरू आहे. मध्यंतरी हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन केला, त्यात कमरेच्या मणक्यांचा झेड-स्कोअर उणे २.१ आला. रिपोर्ट बघून कुणीतरी सांगितलं की हाडं ठिसूळ झालीत, धावणं आणि उड्या बंद, फार तर पोहू द्या. मुलाला फुटबॉल खेळायचाय. आई विचारतेय: खेळू द्यायचं का, आणि हाडांसाठी नेमका कोणता व्यायाम करायचा?

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझं बहुतेक काम दीर्घ आजार असलेल्या मुलांसोबत चालतं. आधी उत्तर देते, कारणं नंतर. मणक्यात फ्रॅक्चर नाही याची एकदा खात्री करून घेतली, तर या मुलाच्या उड्या बंद करणं हा चुकीचा सल्ला आहे. त्याच्या हाडांना सध्या ज्याची सगळ्यात जास्त गरज आहे तेच त्यातून काढून घेतलं जातंय. अर्थात उद्यापासून थेट मैदानात पाठवा, असंही मी म्हणणार नाही. मधली पायरी आहे आणि ती नीट चढायला हवी.

आधी तो उणे २.१ बघू, कारण घरातली सगळी भीती त्या एका आकड्यातून आलेली दिसते. झेड-स्कोअर म्हणजे त्याच वयाच्या आणि त्याच लिंगाच्या निरोगी मुलांच्या सरासरीपासून तुमचा मुलगा किती दूर आहे त्याचं माप. मोठ्या माणसांच्या रिपोर्टमध्ये असतो तो टी-स्कोअर मुलांना लावतच नाहीत, कारण तो तिशीच्या आसपासच्या पक्क्या हाडांशी तुलना करतो. दुसरं म्हणजे डेक्सा हाडाची लांबी-रुंदी मोजतं, जाडी मोजत नाही. त्यामुळे बुटक्या मुलाची लहान हाडं प्रत्यक्षात चांगली असली तरी स्कॅनवर विरळ दिसतात. क्रोन्स असलेली मुलं बरेचदा उंचीत मागे असतात, वयात यायला त्यांना उशीर होतो. हाडांचं वय (हाडं किती पिकली आहेत त्यावरून काढलेलं वय) १३ असलेल्या मुलाची तुलना आपण १५ वर्षांच्या मुलांशी करत असू, तर आकडा खाली येणारच. म्हणून डॉक्टरांना विचारा: उंचीचा हिशेब धरून झेड-स्कोअर किती येतो? मी असे रिपोर्ट पाहिलेत की ज्यात ही एक दुरुस्ती केल्यावर निम्मी काळजी कमी झाली. सगळी नाही, पण निम्मी.

आणि ‘ठिसूळ’ हा शब्द नुसत्या स्कॅनवरून वापरायचा नसतो. मुलांच्या बाबतीत ऑस्टिओपोरोसिस म्हणायचं असेल तर आंतरराष्ट्रीय निकष स्पष्ट आहेत: मोठा अपघात नसताना मणका दबून फ्रॅक्चर झालेलं असणं, किंवा झेड-स्कोअर उणे २ किंवा त्याहून कमी असून लांब हाडांची १० वर्षांच्या आत दोन किंवा १९ वर्षांच्या आत तीन फ्रॅक्चर झालेली असणं. तुमच्या मुलाचं एखादं हाड मोडल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही. म्हणजे त्याची हाडांची घनता वयाच्या मानाने कमी आहे, इतकंच आज म्हणता येतं.

मात्र एक तपासणी मी टाळू देणार नाही. स्टिरॉइड घेतलेल्या मुलांमध्ये मणक्याचं फ्रॅक्चर कधीकधी अगदी गुपचूप होतं, पाठ दुखतही नाही. त्यामुळे उड्या सुरू करण्याआधी पाठीचा बाजूने काढलेला एक्स-रे किंवा डेक्सा मशीनवरच मणक्यांचा बाजूचा स्कॅन झालाय का ते पाहा. झाला नसेल तर करून घ्या. तो स्वच्छ आला की पुढचं सगळं मोकळं होतं. त्यात मणका दबलेला दिसला तर मात्र ही चर्चा वेगळी होते. मग हाडांच्या तज्ज्ञांकडे जायचं, बिस्फॉस्फोनेट हे हाडांची झीज रोखणारं औषध द्यायचं का ते त्यांनी ठरवायचं, आणि व्यायाम असतो तो पाठ सरळ ठेवून, पुढे वाकणं आणि पिळणं टाळून.

आता हाडं मागे का पडली. घरोघरी याचं सगळं खापर स्टिरॉइडवर फुटतं. स्टिरॉइड दोषी आहेच. ते हाड बांधणाऱ्या पेशींना मारतं, आतड्यातून कॅल्शियम शोषलं जाणं कमी करतं आणि स्नायूही झिजवतं. पण निदानाच्या दिवशी, स्टिरॉइडची एकही गोळी पोटात गेलेली नसताना, क्रोन्स असलेल्या कित्येक मुलांच्या हाडांची घनता आधीच कमी सापडते. म्हणजे मुख्य आरोपी दाह आहे. हाड सतत मोडून बांधलं जात असतं, एका बाजूने पाडकाम करणारे आणि त्यांच्या मागे गवंडी. आतड्यातल्या दाहातून रक्तात येणारी टीएनएफ-अल्फा आणि इंटरल्युकिन-६ यांसारखी रसायनं पाडणाऱ्यांना जोर देतात आणि गवंड्यांना बसवून ठेवतात. शिवाय दाहामुळे यकृतात आयजीएफ-१ हे वाढीला मदत करणारं संप्रेरक कमी तयार होतं, ग्रोथ हार्मोनचा परिणाम बोथट होतो, वयात येणं लांबतं. त्यात भूक नाही, पोटात दुखतं म्हणून खाणं कमी, आणि दिवसभर अंथरुणात किंवा बाथरूमच्या जवळ.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आतला दाह धगधगत असताना कितीही उड्या मारल्या तरी हाड बांधलं जाणार नाही. पहिलं औषध हाडांसाठी नसून आतड्यासाठी असतं. मुलांवरच्या इन्फ्लिक्सिमॅबच्या अभ्यासात उपचार सुरू केल्यापासून १० आठवड्यांत रक्तातल्या हाड-बांधणीच्या खुणा वाढलेल्या दिसल्या. पालक मला कधीकधी विचारतात की इन्फ्लिक्सिमॅबसारखं बायोलॉजिक इंजेक्शन हाडांना मारक आहे का. उलट आहे. आणि म्हणूनच बरं वाटायला लागलं की डोस पुढे ढकलणं, ‘या वेळी राहू दे’ म्हणणं, हे हाडांच्या दृष्टीनेही महागात पडतं. क्रोन्स असलेल्या मुलाला पुन्हा त्रास उसळलाच तर स्टिरॉइडऐवजी सहा ते आठ आठवडे फक्त द्रवरूप पोषण देण्याचा पर्याय असतो. तो अवघड आहे, मुलं कंटाळतात, पण हाडांकडे बघणारी व्यक्ती म्हणून मी त्याच्या बाजूने आहे. अल्सरेटिव्ह कोलायटिस या मोठ्या आतड्याच्या दुसऱ्या आयबीडीत तो चालत नाही, हेही लक्षात असू द्या.

तुमच्या मुलाचं पोट शांत आहे. म्हणजे पहिली अट पूर्ण झालीय आणि आता व्यायामाची पाळी.

इथे एक गोष्ट बरेचदा नजरेतून सुटते: स्नायू. हाड स्वतःहून जाड होत नाही, त्याला ओढणारा स्नायू जेवढा बलवान, तेवढं हाड स्वतःला जुळवून घेतं. हॅरोल्ड फ्रॉस्ट यांनी ही कल्पना मांडली आणि मुलांच्या हाडांचा आजचा बराचसा विचार तिच्यावर उभा आहे. क्रोन्स असलेल्या मुलांच्या नडगीचे स्कॅन केले तर दिसतं की पोटरीचा स्नायू कमी आहे आणि त्याच प्रमाणात हाडाचं बाहेरचं कठीण कवचही कमी भरलंय. उपचार लागू पडले की वजन येतं, गाल भरतात, घरचे खूश होतात. पण त्या वजनात चरबी लवकर परत येते, स्नायू मागे राहतो. तुम्ही लिहिलंय की वजन वाढतंय. चांगलंच आहे. पण मला जास्त उत्सुकता आहे की तो हात न टेकता खुर्चीतून किती वेळा उठू शकतो आणि एका पायावर उभं राहून टाच किती वेळा उचलू शकतो. पहिल्या भेटीत मी हेच करून बघते. एका पायाच्या दहाव्या टाच-उचलीला पोटरी थरथरायला लागली की कागदावरच्या वजनाच्या आलेखापेक्षा मला ते जास्त सांगून जातं.

वय हा दुसरा मुद्दा, आणि घाई आहे ती इथे. उंची झपाट्याने वाढते त्या काळाच्या आसपासच्या साधारण दोन वर्षांत मोठेपणीच्या हाडातल्या खनिजाचा जवळजवळ एक चतुर्थांश भाग जमा होतो. मुलींमध्ये हा जोर साधारण साडेबाराव्या वर्षी असतो, मुलांमध्ये चौदाच्या आसपास. या काळात हाड हालचालीला प्रतिसादही जास्त देतं. टेनिस आणि स्क्वॉश खेळणाऱ्या स्त्रियांच्या दोन हातांची तुलना करणारा १९९५ चा फिनलंडमधला अभ्यास प्रसिद्ध आहे: ज्यांनी पाळी सुरू होण्याआधी किंवा त्या सुमारास खेळायला सुरुवात केली, त्यांच्या खेळत्या आणि दुसऱ्या हातातल्या हाडाचा फरक उशिरा सुरुवात केलेल्यांच्या दोन ते चार पट होता. तुमच्या मुलाच्या बाबतीत आजाराने एक उपकार केला असण्याची शक्यता आहे. वयात यायला उशीर झाला असेल, तर ही दोन वर्षं त्याच्यासाठी अजून संपलेली नाहीत. त्याचा आवाज फुटायचाय, उंची आता कुठे वाढायला लागलीय, असं काही असेल तर डॉक्टरांना हाडांचं वय विचारून घ्या. तसं असेल तर पुढचं वर्ष वाया घालवण्यासारखं नाही.

पोहण्याबद्दल. पोहणं दम वाढवतं, स्नायूंना चांगलं, मन प्रसन्न होतं, त्याला आवडत असेल तर जरूर पोहू दे. पण पाण्यात शरीराचा भार नाहीसा होतो. स्पर्धेत उतरणाऱ्या पोहणाऱ्यांच्या हाडांची घनता खेळ न करणाऱ्यांपेक्षा फारशी जास्त भरत नाही. सायकलचंही तेच. चालणं तब्येतीला उत्तम, पण वाढत्या मुलाच्या हाडाला ते इतकं सवयीचं असतं की त्यातून त्याला नवीन काही कळत नाही. ‘हाडं नाजूक म्हणून पोहायला घाला’ हा सल्ला जितका सुरक्षित वाटतो तितकाच तो हाडांसाठी निरुपयोगी आहे.

मग हाडाला काय कळतं? थोडा वेळ, जोरात, पटकन आणि वेगवेगळ्या दिशांनी पडलेला भार. यावर प्राण्यांमध्ये फार सुरेख प्रयोग झालेत. रुबिन आणि लॅनियन यांनी १९८४ च्या सुमारास दाखवलं की पक्ष्याच्या पंखाच्या हाडाला दिवसाला ३६ वेळा भार दिला की मिळायचा तो फायदा मिळून जातो. तो आकडा १,८०० पर्यंत नेला तरी हाड जास्त वाढत नाही. नंतर उंदरांवर दिसलं की दिवसाचा तेवढाच भार एका दमात देण्यापेक्षा तीन-चार वेळा विभागून, मध्ये काही तासांची विश्रांती ठेवून दिला, तर हाड जास्त बांधलं जातं. हाडाच्या पेशी थोड्याच वेळात बहिऱ्या होतात आणि त्यांना पुन्हा ऐकू यायला मधला वेळ लागतो. म्हणून तासभर पळत राहण्यापेक्षा सकाळी दहा उड्या, शाळेतून आल्यावर दहा आणि संध्याकाळी दहा, हा हाडासाठी सरस व्यायाम ठरतो. थकवा हे ज्या आजाराचं रोजचं दुखणं आहे, त्या आजारातल्या मुलांसाठी याहून सोयीची गोष्ट कुठली?

निरोगी मुलांवर हे करून पाहिलेलंही आहे. अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये लहान शाळकरी मुलांना ६१ सेंटिमीटर उंच ठोकळ्यावरून उड्या मारायला लावल्या, एका वेळी १००, आठवड्यातून तीनदा, सात महिने. २००१ मध्ये निकाल आले. दुसऱ्या गटाच्या तुलनेत खुब्याच्या मानेतलं खनिज सुमारे ४.५ टक्के आणि कमरेच्या मणक्यांतलं ३.१ टक्के जास्त भरलं. कॅनडात ‘बाउन्स ॲट द बेल’ नावाचा कार्यक्रम झाला, शाळेची घंटा वाजली की दहा उड्या, दिवसातून तीनदा. तिथेही मांडीच्या हाडाला फायदा झाला. तुमच्या मुलाला मी ६१ सेंटिमीटरवरून उडी मारायला सांगणार नाही. मी दुसऱ्या नमुन्याच्या जवळ राहते.

आयबीडीतले पुरावे याहून तोकडे आहेत आणि बरेचसे मोठ्यांवरचे आहेत. इंग्लंडमध्ये १९९८ साली क्रोन्सच्या ११७ प्रौढ रुग्णांवर वर्षभर हलक्या व्यायामाचा प्रयोग झाला. एकूण गटात फरक ठळक नव्हता, पण ज्यांनी कार्यक्रम खरोखर पूर्ण केला त्यांच्या खुब्याच्या एका भागात घनता ४.६७ टक्क्यांनी वाढली. नेमाने केलं त्यांनाच मिळालं, यात आश्चर्य काहीच नाही. २०२० मध्ये, पुन्हा इंग्लंडमधूनच, क्रोन्स शांत किंवा सौम्य असलेल्या ४७ प्रौढांवर सहा महिने उड्या आणि वजनाचे व्यायाम एकत्र करून पाहिले. कमरेच्या मणक्यांची घनता सुधारली, स्नायूंची ताकद वाढली आणि थकवाही कमी झाला. मुलांना रोज दहा मिनिटं मंद कंप देणाऱ्या फळीवर उभं करण्याचाही प्रयोग झालाय. नडगीच्या हाडाला त्याचा उपयोग झाला नाही. तसली मशीन विकत घेण्याचा विचार मनात आला असेल तर ते पैसे चांगल्या बुटांवर आणि दोन डंबेल्सवर खर्च करा.

‘व्यायामाने आजार पुन्हा उसळेल का?’ हे कुणी उघड विचारत नाही, पण प्रत्येक घरात ही भीती असते. आजार शांत असताना मध्यम व्यायामाने आतड्याचा दाह वाढतो असं दिसलेलं नाही. मोठ्यांच्या पाहण्यांमध्ये तर जास्त हालचाल करणाऱ्या क्रोन्स रुग्णांना पुढे त्रास कमी वेळा झाला. ही बातमी मी जपून सांगते, कारण ज्याला बरं वाटतं तोच जास्त व्यायाम करतो, हेही त्यामागे असू शकतं. जपायचं ते उन्हात, पाणी न पिता, तासन् तास पळण्याला. त्याने निरोगी माणसाचंही पोट बिघडतं. आणि अंग दुखलं म्हणून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक परस्पर देऊ नका. या गोळ्या आतड्याला त्रास देऊ शकतात. पहिल्या पंधरवड्यात पाय भरून येणारच, त्यावर विश्रांती आणि फारच झालं तर पॅरासिटामॉल.

सुरू करण्याआधी मी काही गोष्टी बघते. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), कारण रक्त कमी असताना धाप लागते आणि मूल आळशी ठरतं. ताजं कॅलप्रोटेक्टिन, म्हणजे आतड्यातला दाह दाखवणारी शौचाची तपासणी. व्हिटॅमिन डी. सकाळी उठल्यावर कंबर आखडते का, टाचेत दुखतं का, हे विचारते, कारण आयबीडीसोबत सांध्यांचा आणि स्नायूबंधांचा दाहही असू शकतो. जांघेत दुखतंय आणि मूल लंगडतंय, शिवाय पूर्वी स्टिरॉइड झालेलं आहे, अशा वेळी एकही उडी न मारता आधी खुब्याचा एमआरआय, कारण मांडीच्या हाडाच्या गोल टोकाचा रक्तपुरवठा बिघडलेला असू शकतो. गुदद्वाराजवळ फिस्टुला (आतड्यापासून त्वचेपर्यंत पडलेली वाहती वाट) असेल तर मुलं लाजेने सांगत नाहीत आणि सायकल टाळत राहतात. तेही हळूच विचारावं लागतं.

आता प्रत्यक्ष काम. पहिले तीन-चार आठवडे उडी नाही, फक्त ताकद. खुर्चीपर्यंत खाली जाऊन उठायच्या बैठका, पायरीवर चढ-उतार, टाचा उचलणं, भिंतीला टेकून जोर, आणि हातात हलकं वजन धरून कंबरेतून सरळ पाठीने वाकून उठणं. आठवड्यातून तीन दिवस, एकाआड एक. प्रत्येकाचे आठ ते बारा फेरे, आणि अजून दोन जमले असते असं वाटताना थांबायचं. वजन उचलल्याने उंची खुंटते ही समजूत इथेच सोडून द्या. देखरेखीखाली, योग्य पद्धतीने केलेल्या वजनाच्या व्यायामाने उंची खुंटत नाही. उंची खुंटवतो तो आटोक्यात न आलेला दाह.

मग उतरणं शिकायचं. बहुतेकांना उडी म्हणजे वर जाणं वाटतं, मला खाली येणं महत्त्वाचं वाटतं. दहा सेंटिमीटरच्या पायरीवर उभं करते आणि उडी न मारता नुसतं खाली उतरून दोन्ही पायांवर टेकायला सांगते. मी समोर उभी राहून गुडघे बघते. अशक्त मांडीचे गुडघे टेकताना एकमेकांकडे झुकतात, तसं झालं की उंची वाढवायची नाही, मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूंवर आणखी आठवडाभर काम करायचं. गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत हवा. आणि मी कान देते. ‘धप्प’ असा आवाज आला तर तो पूर्ण टाचेवर, गुडघे ताठ ठेवून पडलाय. आधी पायाचे चवडे, मग टाच, गुडघे आणि कंबर दुमडत, जवळजवळ आवाज न करता. हे चार-पाच वेळा सलग जमलं की पुढे.

यात एक विसंगती आहे आणि हुशार मुलं ती पकडतात: मऊ उतरल्याने हाडाला धक्का कमी बसतो, मग हाड कसं बांधणार? बरोबर आहे. मऊ उतरणं ही शाळा आहे, शेवट नव्हे. ताबा आला की मी जागच्या जागी टणाटण उड्या घ्यायला लावते, जमिनीला पाय कमीत कमी वेळ लागेल अशा, चवड्यांवर, दोरीवरच्या उड्यांसारख्या. भार पटकन यायला हवा, तो इथे येतो. त्या दहा-दहाच्या तीन खेपांनी सुरू करायच्या, आठवड्यातून तीन ते पाच दिवस. दोन आठवड्यांनी दिशा बदला: बाजूला, पुढे-मागे, हवेत अर्धं वळून. मग एका पायावर. एका पायाने लंगडी घालताना खुब्यावर आणि नडगीवर दोन पायांच्या उडीपेक्षा बराच जास्त भार येतो, म्हणून ती शेवटी. उड्या खुब्याला आणि पायांना पोचतात, मणक्याला कमी आणि मनगटाला अजिबात नाही. त्यासाठी वजनाचे व्यायाम आणि जोर सुरूच ठेवायचे, भिंतीवरून हळूहळू टेबलाच्या कडेवर आणि मग जमिनीवर आणत.

साधारण तिसऱ्या महिन्यात, पाठ दुखत नाही आणि एका पायावरच्या दहा उड्या दोन्ही बाजूंनी सारख्या जमतात असं दिसलं, तर फुटबॉलच्या सरावाला जाऊ दे. आधी धक्काबुक्की नसलेला सराव, मग अर्धा सामना, मग पूर्ण. फुटबॉल हाडांसाठी उत्तम खेळ आहे: अचानक थांबणं, वळणं, उडी, धाव. पोटाची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल किंवा पोटावर शौच गोळा करणारी पिशवी असेल तर सर्जनशी बोलून वेळापत्रक वेगळं करावं लागतं, कारण हर्नियाचा धोका असतो. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोरदार हालचाल करावी आणि त्यात आठवड्यातून निदान तीन दिवस स्नायू-हाडं बळकट करणारं काहीतरी असावं अशी आहे. ती आयबीडी असलेल्या मुलांनाही लागू आहे, फक्त तिथवर पोचायला काही महिने लागले तर लागू देत.

शाळेबद्दल एक सांगते, कारण सगळी योजना बरेचदा इथेच अडकते. आजार झाला की पालक पीटीच्या तासातून सूट देणारं पत्र घेतात. ते पत्र वर्षानुवर्षं तसंच राहतं, आजार शांत झाला तरी. ते परत घ्या आणि त्या जागी दुसरं मागा: हा मुलगा सगळं खेळू शकतो, मात्र त्याला न विचारता मैदान सोडून स्वच्छतागृहात जायची परवानगी असावी आणि पाण्याची बाटली जवळ ठेवू द्यावी. मुलांना खेळाची भीती नसते हो, सगळ्यांसमोर हात वर करून जाण्याची असते.

आजार उसळला तर? ताप, रक्त पडणं, वजन घसरणं, हिमोग्लोबिन खाली, या दिवसांत उड्या आणि वजनं बंद. पण अंथरूण धरायचं नाही. खुर्चीतून उठ-बस, टाचा उचलणं, घरातल्या घरात चालणं, दिवसातून चार-पाच वेळा दोन-दोन मिनिटं. स्टिरॉइड सुरू असताना तर हे जास्तच हवं, कारण तेव्हा स्नायू फार वेगाने झिजतात. सावरल्यावर पुन्हा पहिल्या पायरीपासून, फक्त या वेळी पायऱ्या भरभर चढता येतात.

खाण्याबद्दल थोडक्यात, ते आहारतज्ज्ञांचं क्षेत्र आहे. व्यायाम वाढला आणि खाणं तेवढंच राहिलं तर हाडं वाढत नाहीत, उलट मागे पडतात. वजन सलग दोन-तीन आठवडे घसरलं तर व्यायाम कमी करा आणि ताट वाढवा. प्रत्येक जेवणात प्रथिनं. ९ ते १८ वयात कॅल्शियमची गरज दिवसाला १,३०० मिलिग्रॅमच्या घरात धरली जाते, ती शक्यतो अन्नातून, उरलेली गोळीतून. रक्तातलं व्हिटॅमिन डी निदान २० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर हवं, अनेक डॉक्टर ३० चं लक्ष्य ठेवतात. डी चे साठे भरलेले असताना आणखी डोस ओतून काही साधत नाही. याच जागी मुलगी असती तर मी पाळीबद्दल विचारलं असतं: आलेली पाळी तीन महिने थांबली तर ते हाडांचंही लक्षण समजायचं.

अचानक पाठ दुखायला लागली, विशेषतः मधोमध बोट दाबल्यावर दुखलं, किंवा उंची कमी भरली, तर व्यायाम तिथेच थांबवून एक्स-रे.

पुढचा डेक्सा वर्षभराने करा. फार लवकर केला तर मशीनची चूक आणि खरा बदल वेगळा ओळखणं अवघड जातं. शक्यतो त्याच मशीनवर, आणि त्याच दिवशी उंची नीट मोजून घेऊन. रिपोर्टमध्ये उंचीचा हिशेब धरलेला झेड-स्कोअर, हाडातलं एकूण खनिज आणि संपूर्ण शरीराचा स्कॅन असेल तर स्नायूंचं वजन, हे तीन आकडे मागा. झेड-स्कोअर उणे २.१ वरून उणे २ वर आला तर नाराज होऊ नका. वाढत्या मुलाचा झेड-स्कोअर जागचा हलला नाही, तरी त्याचा अर्थ त्याने वर्षभरात बरोबरीच्या निरोगी मुलांच्या वेगाने हाड बांधलं असा होतो. दीड वर्षापूर्वी त्याला तेवढंही जमत नव्हतं.